स्ट्राव्हा: चार वर्षांच्या रोजच्या वापरानंतर

गेल्या गुरुवारी सकाळी यवतेश्वरचा घाट उतरून घरी आले, ओले बूट दाराबाहेर काढले आणि चहाचे आधण ठेवून फोन उघडला, तेव्हा स्ट्राव्हावर, म्हणजे धावण्या-सायकलिंगच्या नोंदी ठेवून त्या ओळखीच्यांना दाखवणाऱ्या ॲपवर, आमच्या धावणाऱ्यांच्या गटातल्या एका काकांची नोंद सगळ्यात वर होती. अंतर ३.१ किलोमीटर, वेळ २४ मिनिटे, आणि शीर्षकाच्या जागी त्यांनी लिहिले होते, ‘सौ.ना डायलिसिसला न्यायचे आहे, तेवढ्यात गोडोलीपर्यंत जाऊन आलो.’ एरवी रविवारी अठरा-वीस किलोमीटर सहज धावणाऱ्या या माणसाच्या तीन किलोमीटरच्या नोंदीखाली अकरा जणांनी अंगठा दिला होता आणि एकीने लिहिले होते, ‘काका, दुपारचा डबा मी घेऊन येते, तुम्ही बाहेरचे काही खाऊ नका.’

अंतर आणि वेग मोजणारी ॲप पुष्कळ आहेत आणि ते काम माझ्या मनगटावरचे घड्याळही करते. स्ट्राव्हा मी चार वर्षे टिकवून ठेवले ते अशा नोंदींसाठी, त्यामुळे या सेवेचे गुणदोषही मी मुख्यतः याच बाजूने तपासणार आहे. मी साताऱ्यात राहते, माध्यमिक शाळेत गणित शिकवते, वय ४६ आहे, आठवड्यातून चार दिवस धावते आणि दरवर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करते. आमच्या गटात चाळीसेक माणसे आहेत. त्यांत एसटीचे एक वाहक आहेत, मंडईत गाळा असलेले एक भाऊ आहेत, दोन डॉक्टर, काही बँकेतले, काही निवृत्त, आणि अलीकडे बऱ्याच गृहिणी आल्या आहेत. कोणी किलोमीटरला साडेपाच मिनिटे घेतो, कोणी नऊ. पहाटेच्या वेळा जुळत नसल्यामुळे हे सगळे एकत्र भेटतात ते फक्त रविवारी, आणि उरलेले सहा दिवस एकमेकांची खबर कळते ती या ॲपवरून.

हे ॲप ज्यांनी काढले त्यांची गरजही काहीशी अशीच होती. मार्क गेनी आणि मायकल हॉर्वाथ हे दोघे हार्वर्ड विद्यापीठाच्या नौकानयन संघात एकत्र वल्ही मारत असत. शिक्षण संपल्यावर संघ सुटला, रोजच्या सरावातली सोबत सुटली, आणि ती दूर राहूनही कशी परत मिळवता येईल या विचारातून पुढे २००९ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्ट्राव्हा सुरू झाले. नाव स्वीडिश भाषेतल्या ‘झटणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून घेतलेले आहे. सुरुवातीला ते सायकलस्वारांसाठी होते आणि त्याच्या काही खुणा आजही दिसतात, पण धावणाऱ्यांना परके वाटावे असे त्यात काही राहिलेले नाही.

वापरायला ते सोपे आहे. फोन खिशात ठेवून सुरूचे बटण दाबावे किंवा घड्याळातली धाव आपोआप चढू द्यावी, एवढेच. धाव संपली की ॲप तिला स्वतःहून ‘मॉर्निंग रन’ असे नाव देते आणि बहुतेक लोक ते तसेच ठेवतात. माझे सगळ्यांना सांगणे असे, की ते नाव पुसून तिथे स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहावी. ॲपची भाषा मी इंग्रजीच ठेवली आहे, परंतु शीर्षक आणि त्याखालचे वर्णन देवनागरीत विनासायास लिहिता येते, आणि आमच्या गटात ही सवय आता इतकी रुळली आहे की एखाद्याची नोंद नुसती ‘मॉर्निंग रन’ म्हणून आली तर काय बिनसले आहे असे कोणीतरी विचारतेच. वाहक भाऊंची मुक्कामी ड्यूटी असली की त्यांची नोंद ‘मुक्कामी गाडी, महाबळेश्वर स्टँडपासून सहा’ अशी येते. मंडईतले भाऊ पहाटे तीनला माल उतरवून मग धावतात, त्यामुळे त्यांच्या नोंदीत त्या दिवशी कोथिंबिरीची आवक कशी होती हेही समजते. आषाढात आमच्यातल्या दोघी ज्ञानोबांच्या पालखीबरोबर लोणंदहून पुढे चालतात आणि ती चाल स्ट्राव्हावर नोंदवतात. गेल्या वेळी त्यांनी टाकलेल्या नकाशावर तांबडी रेघ एका जागी घुटमळलेली दिसत होती आणि खाली लिहिले होते, ‘चांदोबाचा लिंब, उभे रिंगण, इथे घड्याळ बंद करायचे भान राहिले नाही.’

मला या नोंदी मोलाच्या वाटतात, कारण सरावाच्या वहीत आपण फक्त आकडे लिहितो आणि सहा महिन्यांनी त्या आकड्यांचा अर्थ आपल्यालाच लागत नाही. पहिल्या वर्षी जूनमध्ये माझा वेग सलग तीन आठवडे घसरलेला दिसतो. त्या काळातल्या वर्णनांत ‘सासूबाईंचे ऑपरेशन’, ‘रात्री जागरण’, ‘फक्त चालले’ असे शब्द आहेत, आणि ते वाचल्यावर त्या घसरणीची चिंता करण्याचे कारण उरत नाही. संकेतस्थळावरून आपली सगळी माहिती एकत्र उतरवून घेता येते. मी दरवर्षी डिसेंबरमध्ये ती उतरवून संगणकात ठेवते, आणि ज्यांना आपल्या नोंदींचे मोल वाटते त्यांनी हे अवश्य करावे, कारण दुसऱ्याच्या घरात ठेवलेल्या वहीची एक प्रत आपल्याकडे असलेली बरी.

आता आकड्यांविषयी. सपाट गावात धावणाऱ्यांना याची तितकीशी गरज पडत नसेल, परंतु साताऱ्यात समर्थ मंदिर मागे टाकले की रस्ता यवतेश्वरकडे चढू लागतो आणि किलोमीटरमागच्या मिनिटांचा हिशेबच बदलतो. हाफ मॅरेथॉनचा मार्ग याच घाटातून वर जाऊन परत येतो. स्ट्राव्हामध्ये चढ-उतार धरून काढलेला वेग पाहता येतो, म्हणजे या चढावर तुम्ही जो जोर लावला तोच सपाटीवर लावला असता तर वेग साधारण किती पडला असता, याचा अंदाज. घाटात साडेआठचा वेग पाहून हिरमुसलेल्या नवीन मुलीला तोच प्रयत्न सपाटीवर साडेसहाच्या आसपास ठरतो हे दाखवले की तिचा चेहरा खुलतो, हे मी कितीदा तरी पाहिले आहे. अर्थात हा अंदाजच आहे. समोरून येणारा वारा, निसरडा रस्ता किंवा अजिंक्यताऱ्याच्या पायवाटेवरचे सुटे दगड त्याच्या हिशेबात येत नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात त्याच्यावर फार विसंबू नये.

वेळेची दुसरी एक बाब नवीन माणसाने आधी समजून घ्यावी. धाव चालू असताना आपण पाण्यासाठी किंवा फाटकाशी थांबलो, तर ॲप थांबलेला वेळ वगळून हलत्या वेळेवर वेग काढते. रोजच्या सरावात ते ठीक आहे. मात्र स्पर्धेत घड्याळ कोणासाठी थांबत नसते, म्हणून त्या नोंदीला ‘रेस’ अशी खूण करावी, म्हणजे एकूण वेळ धरली जाते. ही खूण न केल्यामुळे आमच्याकडे एका दादांच्या ॲपवरच्या आणि प्रमाणपत्रावरच्या वेळेत तीन मिनिटांचा फरक पडला आणि ते दोन दिवस आयोजकांवर रागावून होते.

अंतराच्या बाबतीतही असेच होते. दर स्पर्धेनंतर ‘माझ्या स्ट्राव्हावर २१.४ आले, आयोजकांनी जास्त पळवले’ अशी तक्रार ऐकू येते. हाफ मॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर असते आणि प्रमाणित मार्ग मोजताना वळणांच्या आतल्या कडेने, शक्य तितक्या जवळच्या रेषेत, अचूक जुळवून घेतलेल्या सायकलने मोजतात. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. आपण गर्दीतून डावी-उजवीकडे होत, पाण्याच्या टेबलाकडे वळत धावतो, आणि उपग्रहाकडून येणारा संकेत झाडीत व कड्याखाली इकडे-तिकडे सरकतो. घाटाच्या वळणांवर माझी स्वतःची रेघ कधी कधी दरीतून गेलेली दिसते. हा फरक फोन किंवा घड्याळ, संकेत आणि आपली वाट यांच्यातून येतो, आणि तो कोणत्याही ॲपमध्ये येणारच.

स्ट्राव्हाचे ज्याच्यामुळे सर्वाधिक नाव झाले ती सोय म्हणजे सेगमेंट. कोणीही वापरणारा रस्त्याचा एक तुकडा आखून ठेवू शकतो आणि त्यानंतर त्या तुकड्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची वेळ आपोआप मोजली जाऊन क्रमवारीत लागते. आमच्या चढावर असे तुकडे आहेत, आणि पहिली दोन वर्षे मी त्यांच्या नादी लागले होते. ज्या दिवशी सावकाश, बोलता बोलता धावायचे त्या दिवशीही तो तुकडा जवळ आला की पाय आपोआप उचलले जात, आणि याचा शेवट पोटरीचा स्नायू दुखावून पाच आठवडे घरी बसण्यात झाला. निर्णय माझा होता आणि चूकही माझीच. परंतु रोजचा रस्ता हा रोजची परीक्षा होऊ लागला, तर पन्नाशीकडे झुकलेल्या शरीराला ते पेलत नाही, आणि हौसेने धावणाऱ्या बहुतेकांचे वय आणि वेळापत्रक माझ्यासारखेच असते. त्यामुळे सेगमेंटची वेळ मी आता महिन्यातून एकदा, ठरवलेल्या दिवशीच पाहते.

त्याच्या जोडीला २०२० मध्ये आलेली ‘लोकल लेजंड’ ही सोय मला कितीतरी अधिक आवडते. त्यात वेगाला महत्त्व नसते, तर गेल्या ९० दिवसांत एखाद्या तुकड्यावरून जो सर्वाधिक वेळा गेला त्याला हा मान मिळतो. आमच्या भागातल्या अशा एका तुकड्यावर सध्या हा मान ६३ वर्षांच्या एका निवृत्त तलाठ्यांकडे आहे. ते किलोमीटरला नऊ मिनिटे घेतात, गुडघ्याला पट्टा बांधतात आणि पावसात छत्री घेऊन येतात. क्रमवारीत त्यांचे नाव कधीच वर दिसले नसते. या मानाने त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी रविवारी सगळ्यांना कंदी पेढे वाटले, आणि त्यानंतर आमच्या गटात ज्येष्ठांची संख्या वाढली.

नोंद आवडली की लोक अंगठा देतात, त्याला कुडोज म्हणतात. ही साधी गोष्ट माणसाला पहाटे उठायला लावते याचा मला अनुभव आहे, तिचे मोल मी कमी लेखणार नाही. मात्र तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. मोठे अंतर आणि जोरदार वेग यांच्यावर अंगठे अधिक पडतात, आणि कोणीतरी पाहणार आहे या जाणिवेने नवशिके लोक सावकाश धावायच्या दिवशीही वेग वाढवतात. सरावाचा बराचसा भाग मुद्दाम सावकाश असावा लागतो, आणि तोच भाग चारचौघांत दाखवायला त्यांना कमीपणा वाटतो. यावर ॲपमध्येच उपाय आहेत, पण ते फार थोड्यांना माहीत असतात. नोंद करताना वेग झाकता येतो, त्यामुळे इतरांना फक्त अंतर आणि तुमची ओळ दिसते. नोंद इतरांच्या मुख्य पानावर न येता तुमच्या खात्यात राहील असेही करता येते. आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिले तीन महिने वेग झाकून ठेवायला सांगतो, आणि लहान नोंदीला अंगठा द्यायला विसरू नये असा संकेत सगळ्यांनी पाळला आहे. गुरुवारी काकांच्या तीन किलोमीटरला जे अकरा अंगठे मिळाले ते या संकेतामुळे.

खासगीपणाबद्दल मात्र मला अधिक कठोरपणे लिहावे लागेल, कारण इथे चूक झाली तर ती पोटरीपुरती राहत नाही. आपण काहीही न बदलता खाते वापरायला लागलो तर आपली धाव सर्वांसाठी खुली असते. म्हणजे एक बाई रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी कोणत्या गल्लीतून निघते, अंधारातल्या कोणत्या रस्त्याने जाते आणि किती वाजता त्याच गल्लीत परतते, हे कोणाही अनोळखी माणसाला नकाशावर दिसू शकते. माझ्या मते ही मांडणी उलटी असायला हवी होती: आधी सगळे बंद, आणि ज्याला हवे त्याने उघडावे. नकाशावरच्या रेघा एकत्र आल्या की काय उघड होते हे २०१८ च्या जानेवारीत साऱ्या जगाने पाहिले, जेव्हा स्ट्राव्हाच्या जागतिक उष्णता-नकाशावर, म्हणजे सगळ्यांच्या वाटा एकत्र करून दाखवणाऱ्या नकाशावर, ओसाड प्रदेशांतले लष्करी तळ त्यांच्या आतल्या धावण्याच्या वाटांसकट दिसत असल्याचे नेथन रूसर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिले. सैनिकांचे जे झाले ते आपल्याही गल्लीचे होऊ शकते, फक्त त्याची बातमी होत नाही.

म्हणून खाते उघडल्यावर पहिल्या धावेच्या आधी दहा मिनिटे बसून सेटिंग बदलावी. नोंद कोणाला दिसावी याच्या तीन पायऱ्या आहेत: सर्वांना, फक्त तुमच्या अनुयायांना (फॉलोअर्सना), किंवा फक्त तुम्हाला. महिलांनी मधली पायरी निवडावी आणि अनुयायी होण्याची विनंती ओळख पटल्याखेरीज मान्य करू नये. दुसरे, प्रत्येक धावेचा सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा नकाशावरून झाकता येतो, आणि हे अंतर साधारण १.६ किलोमीटरपर्यंत वाढवता येते. लहान गावात दोनशे मीटर झाकून काही उपयोग होत नाही, कारण आमच्याकडे दोनशे मीटरवर राहणारा प्रत्येक जण ओळखीचाच असतो, तेव्हा ते पूर्ण वाढवावे. तिसरे, निघण्याची वेळ झाकावी. हा शेवटचा पर्याय वेग झाकण्याच्या शेजारीच आहे. तसेच ‘बीकन’ नावाची सोय सुरू ठेवली तर घरातल्या किंवा ओळखीतल्या तीन व्यक्तींना आपण धावताना कुठे आहोत हे फोनवर दिसत राहते. घाटात एकटी जाणाऱ्या प्रत्येकीने ती सुरू ठेवावी. माझे यजमान सकाळी चहा पिताना तो निळा ठिपका पाहतात आणि मी शेवटच्या वळणावर आले की माझ्यासाठी पोहे टाकतात. वरच्या भागात फोनला संकेत मिळेलच असे नाही, त्यामुळे ठिपका थांबलेला दिसला तर किती वेळ वाट पाहायची हे घरी आधीच ठरवून ठेवावे.

सशुल्क सभासदत्वाविषयी थोडक्यात सांगते. २०२० च्या मे महिन्यात सेगमेंटच्या पूर्ण क्रमवारीसारख्या काही सोयी फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी ठेवण्यात आल्या. मार्ग आखणे, सरावाच्या ताणाचे विश्लेषण, स्वतःची उद्दिष्टे ठरवणे या गोष्टीही त्याच बाजूला आहेत. मी एक वर्ष पैसे भरून पाहिले. अनोळखी शहरात जाऊन धावणाऱ्याला आणि वेळ सुधारण्यासाठी शिस्तीने सराव करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. नोंद लिहिणे, फोटो लावणे, अंगठा, प्रतिसाद, गटाचे पान, खासगीपणाची वर सांगितलेली सेटिंग आणि बुटांचा हिशेब हे सगळे मोफत मिळते, आणि माझ्यासारखीला तेवढे पुरते. बुटांचा हिशेब ही लहानशी सोय फार कामाची आहे. नवीन जोडी घेतली की तिचे नाव घालून ठेवायचे, मग प्रत्येक धावेचे अंतर तिच्या खात्यावर जमा होत जाते. माझी सध्याची जोडी ६१२ किलोमीटरवर आहे आणि डाव्या टाचेचा तळ एका बाजूने गुळगुळीत झाला आहे, तेव्हा पावसाळ्यातल्या घाटासाठी ती आता बदलावी लागेल.

ज्याला एकट्याने धावायचे आहे आणि कोणाशी बोलायचे नाही, त्याला स्ट्राव्हातून घड्याळापेक्षा फार वेगळे काही मिळणार नाही. ज्याच्या ओळखीत धावणारी चार माणसे आहेत आणि ज्यांच्या वेळा जुळत नाहीत, त्याने मात्र मोफत खाते उघडावे, आधी नकाशा झाकावा आणि मग पहिली ओळ लिहावी. काकांची आजची नोंद आत्ताच आली आहे. ५.४ किलोमीटर, आणि त्याखाली ‘आज तिनेच म्हटले, जरा लांब जाऊन या.’ मी अंगठा दिला आहे, आणि रविवारी साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या ठिकाणी साडेपाचला भेटू असे लिहिले आहे.